दोन सपाट चमचे

पाव अळणी झाल्याची तक्रार करणारा पहिला फोन केव्हा येतो, याची वाट बघत ती टेबलाशी बसली होती. फोन समोर पालथा ठेवला होता. वाजला की उचलायचा आणि निमूट ऐकून घ्यायचं, अशी तयारी होती. कोणीतरी आपल्याला शिव्या घालाव्यात म्हणून देव पाण्यात घालून बसायची ही तिची आयुष्यातली पहिलीच वेळ.

कारण साधं होतं. त्या सकाळी निघालेल्या साप्ताहिकात तिची पावाची कृती येणार होती आणि जिनसांच्या यादीत तिने मीठ लिहिलं नव्हतं. विसरली नव्हती. पावात मीठ विसरायला ती काही काल चुलीशी उभी राहिलेली पोर नव्हती. मुद्दाम लिहिलं नव्हतं.

तिच्या सदराचे दोन भाग असत. खाली चौकटीत यादी, कृती आणि तिचा फोन नंबर. वर तिचा मजकूर. मजकुरात ती घराबद्दल लिहायची. गावाबाहेरचं दोन खोल्यांचं घर, मागे तिने स्वतः विटा रचून बांधलेली भट्टी, भाज्यांचे वाफे, चार कोंबड्या आणि एकटीचा दिवस. मीठ तिने तिथे, वरच्या मजकुरात ठेवलं होतं. लपवलं नव्हतं, चांगलं उघड्यावर ठेवलं होतं. तिने लिहिलं होतं:

'मीठ मी मळताना घालते. दोन चमचे, सपाट. घातलं की मोठ्याने म्हणते, "मीठ घातलं." नवरा होता तोवर तो बाहेरच्या खोलीतून रोज विचारायचा, "मीठ घातलंस का?" मला त्याचा असा राग यायचा की पीठ त्याच्या डोक्यावर थापावं. आता विचारणारं कोणी नाही. मोठ्याने म्हटलं नाही तर घातलं की नाही हे मला आठवत नाही. एकदा मी दोनदा घातलं. एकदा घातलंच नाही, आणि तो पाव मी तीन दिवस खाल्ला. अळणी आहे असं सांगणारं माणूस घरात नसलं की अळणीसुद्धा गोडच लागतं.'

ज्याने हे वाचलं त्याच्या पावात मीठ पडेल. ज्याने नुसती चौकट कापून घेतली, त्याने खुशाल अळणी खावं. इतका सरळ हिशेब.

हे सगळं सुरू झालं संपादकाच्या एका वाक्यावरून. मागच्या आठवड्यात ती लेख द्यायला कचेरीत गेली, तेव्हा त्याने तिला बसायला सांगितलं. तो एरवी बसायला सांगत नसे, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"मॅडम, पाव एक नंबर. माझी बायको तर तुमच्यावर फिदा आहे," तो म्हणाला. "पण ते वरचं जरा... म्हणजे कसं, लोकांना वेळ नाही."

"वरचं म्हणजे?"

"ते तुमचं कोंबड्या, पाऊसपाणी, एकटेपणा वगैरे. चांगलं आहे, चांगलं आहे. पण कोणी वाचत नाही हो. लोक चौकट कापतात आणि फ्रिजला लावतात."

"वाचतात," ती म्हणाली.

"कोण वाचतं? एक नाव सांगा."

तिला एकही सांगता आलं नाही. संपादक हसला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा कौतुकाने मारणाऱ्यांतला. पाठीवर हात ठेवून उंबऱ्याबाहेर नेऊन सोडणारा.

"या वेळी सगळं छापतो," उठताना तो म्हणाला. "तुमच्या समाधानासाठी."

समाधानासाठी. हा शब्द घेऊन ती घरी आली. तिने तीस-एक वर्षं एका विमा कंपनीत दुसऱ्यांची पत्रं टंकली होती. 'आपणांस कळविण्यात येते की.' कोणाचं घर जळलं, कोणाचा नवरा गेला, कोणाचा हात यंत्रात सापडला, सगळ्यांना तिच्याच बोटांनी कळवण्यात आलं. त्या पत्रांत एक वाक्य स्वतःचं घालावं असं तिला रोज वाटे. रोज ते गिळून ती घरी यायची. नवरा गेल्यावर तिने नोकरी सोडली, शहरातली जागा सोडली आणि इथे आली, ती पाव भाजायला नव्हे. लिहायला आली होती. भाजायची कारण लिहिताना हात रिकामे राहिले की ती रडायची. पीठ मळता मळता वाक्यं सुचायची आणि पीठ फुगेपर्यंत ती उतरून काढायची. पण गावात तिचं नाव पडलं 'पावबाई'. लेखिकाबाई कोणी म्हणेना. पोट ज्याने भरतं त्याचं नाव घ्यायचं आणि मन ज्याने भरतं त्याला छंद म्हणायचं, ही जगाची जुनी चलाखी आहे. नातेवाइकांनी तर छंद हा शब्द तिच्या अंगावर शालीसारखा घातला होता. छान छंद लावून घेतलास हो. वेळ जातो.

म्हणून मीठ काढलं. बघू या, कोणाच्या तोंडाला चव आहे.

फोन काही वाजला नाही.

संध्याकाळ झाली. तिने कोंबड्यांना आत घेतलं, दार लावलं, फोन सुलटा करून बघितला. दुसऱ्या दिवशीही शुकशुकाट. तिचं घर गावाबाहेर असल्यामुळे अंक तिच्याकडे टपालाने पाच-सहा दिवस उशिरा येई, त्यामुळे लेख कसा दिसतो हेही तिने अजून पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी लोक भाजतील, तिने स्वतःला समजावलं. सुट्टीच्या दुपारी रस्त्याच्या वळणावर राहणारी शिंपीण आली. हातात रुमालात गुंडाळलेला अर्धा पाव.

"ताई, बघा तरी तुमच्या शिष्येचं. पहिल्यांदा असा उतरला."

तिने तुकडा तोडला. तोंडात घातला. चावला. मीठ होतं. अगदी बरोबर होतं.

"मीठ..." ती म्हणाली.

"का, जास्त झालंय?"

"नाही. बरोबर आहे. तुम्ही किती घातलं?"

"तुम्ही लिहिलंय तेवढंच. मी काय माझ्या मनाचं घालणार? शिवणात माप चुकलं तर उसवता येतं, पावाचं काय उसवणार?"

"म्हणजे वरचं वाचलंत तुम्ही?"

शिंपिणीने क्षणभर तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण शिंपीण लगेच म्हणाली, "वाचलं की! असं कसं नाही वाचणार? किती छान लिहिता तुम्ही. मी ह्यांनाही वाचून दाखवलं."

त्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक दूर, मोठ्या शहरात. साप्ताहिकाचं ते पान कोणीतरी तिला फोनवर पाठवलं होतं.

"आई, अगं झाला पाव. मुलांनी एका बैठकीत संपवला."

"अळणी नाही ना झाला?"

"छे. का गं?"

"काही नाही. वाचलंस सगळं?"

"हो गं. बरं ऐक, तुला आता थंडीत तिकडे राहवतं का? एकटीला?"

ती बराच वेळ बोलली त्या दिवशी. थंडीत राहवतं, म्हणाली. उत्तम राहवतं. फोन ठेवल्यावर तिने आरशात बघितलं, केस नीट केले. कुठे जायचं नव्हतं. पण वाचली गेलेली बाई जरा नीट दिसायला हवी.

ते दोन दिवस तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे लिहून ठेवायला हवं, कारण खोट्या सुखाचीही कोणीतरी नोंद ठेवली पाहिजे. ती बाजारात गेली तर माणसांचे चेहरे बघत चालली. ह्याने वाचलं असेल. त्या म्हाताऱ्याने वाचलं असेल. दूधवाल्याने तिला नमस्कार केला तो नेहमीचाच, पण तिला तो वाचकाचा नमस्कार वाटला. ती एकटीच मोठ्याने 'मीठ घातलं' म्हणते, हे आता या सगळ्यांना माहीत होतं. लाज वाटायला हवी होती. उलट तिला अंगभर ऊब वाटत होती. इतकी माणसं तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली होती आणि एकानेही अळणी खाल्लं नव्हतं.

शिंपिणीकडे ती ब्लाउज आणायला गेली आणि फुगा फुटला.

फ्रिजवर चुंबकाने चौकट लावलेली होती. संपादक म्हणाला होता अगदी तशी, कात्रीने सरळ कापलेली. यादीत पीठ होतं, यीस्ट होतं, कोमट पाणी होतं. आणि शेवटी होतं: 'मीठ : दोन सपाट चमचे.'

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"वहिनी, बाकीचं पान आहे का?"

"असेल ना. कातरणाखाली घालते मी." शिंपिणीने शिलाईयंत्राखालून पान ओढून काढलं. त्याला दोरे चिकटले होते. जिथे चौकट होती तिथे भोक पडलं होतं. भोकाच्या वर, जिथे तिचा मजकूर असायला हवा होता, तिथे गादीची जाहिरात होती. एक माणूस गादीवर झोपला होता आणि झोपेत हसत होता.

मजकूर नव्हताच. एक ओळ नव्हती.

शिंपिणीलाही तेव्हा ते दिसलं. तिने पान परत घेतलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"ताई, मी म्हटलं ते आपलं... तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"असू दे वहिनी. पाव छान झाला होता."

ब्लाउज न घेताच ती निघाली. तिथून तडक कचेरीत गेली. रस्ताभर ती बोलायची वाक्यं जुळवत होती आणि ती चांगली वाक्यं होती, त्यांत 'कळविण्यात येते की' असलं काही नव्हतं. फसवलंत, असं म्हणायचं होतं. छापतो म्हणालात आणि गादी विकलीत. माझ्या नवऱ्याच्या जागी एक हसणारा गादीवाला निजवलात. शिवाय यादीत हात घालायचा तुम्हाला काय हक्क?

आणि चालता चालता मध्येच तिचा पाय अडखळला. यादीत हात कोणी घातला? संपादक घालणार असता तर त्याने 'मीठ चवीपुरतं' लिहिलं असतं. सगळे तेच लिहितात. 'दोन', 'सपाट', हे शब्द फक्त वरच्या मजकुरात होते. ते खाली यायचे तर कोणीतरी वरून उचलून आणायला हवेत. उचलायला आधी वाचायला हवेत.

संपादक जागेवर नव्हता. आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, एक म्हातारा संगणकासमोर बसला होता. चष्मा कपाळावर चढवलेला, नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ. गावात त्याला जुळारी म्हणत. छापखान्यात शिशाचे खिळे होते तेव्हापासून तो अक्षरं जुळवत होता. खिळे गेले, संगणक आला, जुळाऱ्याला खुर्ची बदलून मिळाली एवढंच. तिचे हाताने लिहिलेले कागद तोच टंकून पानात बसवायचा, हे तिला ऐकून माहीत होतं. त्याला कधी बघितलं नव्हतं.

"साहेब चहाला गेलेत," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"मी... ते पावाचं सदर."

तो वळला. चष्मा खाली घेतला. "तुम्ही होय? बरं झालं आलात. बसा, ते कागद सरकवा तिकडे. तुमची एक चूक झाली होती बाई मागच्या अंकात. घाबरू नका, सांभाळून घेतलीय मी."

"कसली चूक?"

"यादीत मीठ राहिलं होतं." हे त्याने आवाज खाली आणून सांगितलं, साहेब नसताना कामातली चूक सांगतात तसं. "साहेब म्हणाले, वरचं काढ, जाहिरात आलीय. काढायला घेतलं. आता मला एक खोड आहे, वाचल्याशिवाय काढवत नाही. निदान जाताना तरी कोणी बघितलं पाहिजे ना मजकुराला. वाचत गेलो तर मीठ वरच. म्हटलं, हे असंच गेलं तर अख्खं गाव अळणी खाईल आणि बोल बाईंना लागेल. म्हणून खाली घेतलं." त्याने हात झटकले, जणू बोटांना अजून मीठ लागलं होतं. "तर मीठ घातलं मी. काळजी करू नका."

मीठ घातलं मी.

ती रस्ताभर जुळवत आलेली वाक्यं कुठे गेली ते तिला कळलं नाही. रिकाम्या खोलीत इतकी वर्षं ती जे म्हणत आली होती ते दुसऱ्याच्या तोंडून आलं की कसं ऐकू येतं, हे तिला माहीत नव्हतं. खुर्चीवरचे कागद तिने मांडीवर घेतले आणि बसली.

"आभारी आहे," ती म्हणाली. चूक नव्हती ती, असं तिला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. चांगल्या माणसाचं चांगलं काम त्याच्या हातातून काढून घ्यायचं नसतं.

"एक विचारू?" जुळारी म्हणाला. "रागावणार नसाल तर."

"विचारा ना."

"ते तुम्ही मोठ्यानं म्हणता ना, मीठ घातलं म्हणून. तर कोंबड्या काय म्हणतात त्यावर?"

ती हसली. आवाज निघाला हसण्याचा. तिलाच तो परका वाटला.

"एक आहे, ती ओरडते. बाकीच्या लक्ष देत नाहीत."

"एक आहे ना. पुष्कळ झालं," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. बाहेर संपादकाच्या चपला वाजल्या तेव्हा ती उठून दुसऱ्या दाराने निघून गेली. भांडण तसंच राहिलं.

पुढच्या आठवड्यात संपादकाचा निरोप आला, की मॅडम, आता फक्त चौकट पाठवा. तिने निरोप ऐकला आणि वरचा मजकूर नेहमीपेक्षा लांब लिहिला. दुधाचं पातेलं करपलं त्या सकाळबद्दल. आणि यादीतून कोमट पाणी काढून त्या करपलेल्या सकाळीत ठेवलं.

अंक आला. मजकूर नव्हता. यादीत होतं: 'पाणी : कोमट, मनगटाच्या आत थेंब टाकून सोसेल इतकं.' मनगट तिच्या मजकुरातलं होतं. पातेलं काढताना पोळलेलं मनगट.

अशी ती बातचीत सुरू झाली. बातचीतच म्हणायची, दुसरं काय म्हणणार? दर आठवड्याला ती पानंच्या पानं लिहायची आणि त्यांत एक जिन्नस ठेवायची. कधी लोणी, कधी भट्टी किती तापवायची ते, कधी पीठ झाकायचं ओलं फडकं. दर आठवड्याला सगळी पानं कापली जायची आणि तो जिन्नस खाली यादीत सुखरूप उतरायचा. पूर आलेल्या घरातून कोणीतरी एकच वस्तू काढून आणावी तसा. अंक टपालाने आला की ती तो टेबलावर पसरायची, चष्मा लावायची आणि यादी अशी वाचायची, जशी लोक पत्र वाचतात.

एकदा तिने लिहिलं, की लहान असताना मला दालचिनी फार आवडायची, अजूनही प्रत्येक पिठात ती टाकावी वाटते, पण टाकू नये, सगळ्या आठवणी एका पावात कोंबू नयेत. त्या आठवड्याच्या यादीत शेवटी छापलं होतं: 'दालचिनी : नाही.' गावातल्या बायका बुचकळ्यात पडल्या. शिंपिणीने विचारलंसुद्धा, "ताई, नाही तर नाही, पण लिहायचं कशाला?" ती म्हणाली, "असतं एकेक." आणि घरी येऊन भट्टीशी उभी राहून हसली.

तिचं लिखाण बदललं. गावभर माणसांसाठी लिहायची तेव्हा ती जरा सजवून लिहायची, सूर्य उगवायचा, वारा गायचा. एका माणसासाठी लिहू लागल्यावर सूर्य-वारा पहिल्या झटक्यात गेले. त्याला नुसतं सांगून चालत होतं. कंपनीतल्या पत्रांबद्दल तिने लिहिलं. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात त्याला चव कळेनाशी झाली होती, तरी तो विचारायचा, मीठ घातलंस का, आणि ती हो म्हणायची, हेही लिहिलं. ते ती कोणाला बोलली नव्हती. लेकीलाही नाही.

ती पुन्हा कचेरीत गेली नाही. कागद पाकिटात घालून दूधवाल्याच्या गाडीतून पाठवायची. कधीतरी एक पाव द्यावा त्याला, असं प्रत्येक वेळी भट्टीतून पाव काढताना मनात यायचं. मग वाटायचं, दिला की तो आभार मानेल, मग ती काहीतरी बोलेल, मग ते दोघे म्हणजे पाववाली आणि जुळारी होतील. आत्ता ते जे काय होते त्याला नाव नव्हतं आणि नाव नव्हतं म्हणूनच कोणी त्याला छंद म्हणालं नव्हतं. देऊ, पुढच्या वेळी देऊ. माणूस एकटं राहून राहून कंजूष होतं ते असं. जपायच्या नादात द्यायचं राहून जातं.

वर्ष फिरलं. पुन्हा थंडी आली. साध्या पावाची कृती पुन्हा द्या, वाचकांची मागणी आहे, असा संपादकाचा निरोप आला. तिने ती पुन्हा लिहिली. मीठ पुन्हा वर ठेवलं, जुन्या ओळखीच्या जागी. या वेळच्या मजकुरात तिने त्याला जवळजवळ सरळच विचारलं होतं. लिहिलं होतं, 'कधी कधी वाटतं, कोणालातरी पाव नेऊन द्यावा आणि विचारावं, मीठ बरोबर आहे का. पुढच्या आठवड्यात विचारीन म्हणते. दोन चमचे, सपाट.'

पाकीट गेलं. अंक निघाला. टपाल यायला अजून अवकाश होता. सुट्टीच्या दुपारी ती कोंबड्यांचं खुराडं झाडत होती, तेव्हा फोन वाजला.

अनोळखी बाईचा आवाज होता. "ते पावाचं सदर लिहिता ते तुम्हीच ना?"

"हो."

"अहो, अळणी झाला हो पाव. तुम्ही लिहिल्याबरहुकूम केला. यादीत मीठच नाही."

ती झाडू धरून उभी राहिली.

"हॅलो? ऐकताय ना? निदान एकदा तपासून तरी द्यायचं. चार पाहुणे बसले होते माझ्याकडे."

"बघते मी," ती म्हणाली. "चुकलं."

त्यानंतर दुसरा फोन आला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत येत राहिले. गेल्या वर्षी ज्यांच्यासाठी ती फोन समोर ठेवून बसली होती, ते सगळे आता आले. एक बाई तावातावाने बोलली, एक हसत बोलली, एका पुरुषाने 'आम्ही काय आजारी आहोत का' असं विचारलं. शिंपीण स्वतः आली, हातात अळणी पाव, आणि म्हणाली, "ताई, बरं नाही का तुम्हाला?" सगळ्यांना ती चुकलं म्हणत राहिली. ऐकत मात्र ती काहीच नव्हती. तिला एवढंच कळलं होतं, की या वेळी मजकूर काढताना तो कोणी वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाव भाजला. फडक्यात गुंडाळला आणि गरम असतानाच पोटाशी धरून कचेरीत गेली.

खिडकीपाशी खुर्ची होती. खुर्चीवर खोकं ठेवलेलं होतं.

"मॅडम, तुम्ही तर आमची पंचाईत केलीत," संपादक म्हणाला, पण हसत. "फोनवर फोन. चला, निदान कळलं तरी, लोक किती वाचतात तुम्हाला."

"ते जुळारी कुठे आहेत?"

"कोण? काका? त्यांना बंद केलं आपण. पान आता बाहेरूनच लागून येतं, कागदाचा फोटो पाठवायचा, चौकट तेवढी उचलतात ते. स्वस्त पडतं. शिवाय डोळे गेले होते हो त्यांचे."

बंद केलं. नळ बंद करतात, दिवा बंद करतात. तिने ते वाक्य ऐकलं आणि विमा कंपनीतल्या कुठल्या पत्रात ते बसलं असतं हे तिला तत्क्षणी कळलं.

"राहतात कुठे?"

"कल्पना नाही. एकटेच होते बहुतेक."

"नाव काय त्यांचं?"

संपादकाने डोकं खाजवलं. आतल्या माणसाला हाक मारून विचारलं. आतल्या माणसाने सांगितलं, काकाच म्हणायचो आपण. "बघतो मी," संपादक म्हणाला. "कुठेतरी असेल लिहिलेलं. हा पाव आमच्यासाठी का?"

"नाही," ती म्हणाली.

पाव परत घेऊन ती घरी आली. तोवर तो गार झाला होता. तिने तो टेबलावर ठेवला, सुरी घेतली, एक काप काढला, उभ्या उभ्या खाल्ला. खिडकीतून कोंबड्या दिसत होत्या. ओरडणारी कोंबडी कुंपणापाशी माती उकरत होती.

"बरोबर आहे," ती मोठ्याने म्हणाली.

मग ती बसली आणि पुढच्या अंकाचे कागद ओढले. वरचा मजकूर तिने आधी लिहिला, पूर्ण, नेहमीएवढाच लांब. एका खोलीबद्दल लिहिलं, जिथे खिडकीकडे पाठ करून कोणीतरी बसायचं. लिहून झाल्यावर ते कागद वेगळे काढून मेजाच्या खणात ठेवले. नवा कागद घेतला. त्यावर चौकट आखली. पीठ लिहिलं, यीस्ट लिहिलं, पाणी लिहिलं. हात सवयीने तिथेच थांबला.

थोड्या वेळाने तिने पेन पुन्हा टेकवलं आणि खाली, आपल्या हाताने, मीठ लिहिलं.